आखरावरचं शेण

१२ जानेवारी १९६८

ठराव मंजूर झाला! एकही हात खाली राहिला नाही. महिला मंडळाच्या वहीत मी स्वतः लिहिला आणि खाली सव्वीस बायकांनी मान्यता दिली. सह्या चारच, बाकी सगळे अंगठे. पुढच्या वर्षी या वहीत एकही अंगठा दिसता कामा नये.

मागच्या वर्षी विकास खंडाच्या साहेबांनी आमच्या गावात उसासाठी पोत्यातलं खत वाटलं. ऊस बघता बघता माणसाच्या दुप्पट झाला आणि सगळे हरखून गेले. पण गूळ बसलाच नाही. मऊ राहिला, ढेपा पाझरू लागल्या. वारासिवनीच्या व्यापाऱ्याने त्या गाडीतून खाली उतरवूसुद्धा दिल्या नाहीत. साहेब म्हणाले, तुम्ही लोकांनी खत जास्त टाकलं. आणि जास्त टाका म्हणून सांगितलं कोणी? तेव्हा शेवंताबाई, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षा, भर पंचायतीत उभ्या राहिल्या आणि बोडीखालची, म्हणजे गावतळ्याखालची, गावकीची पाच एकर जमीन मागितली. आम्ही बायका मिळून ऊस लावू, निव्वळ शेणखतावर, पोत्याला हात लावणार नाही. सरपंच भोजराज पटेलांनी एका वर्षासाठी दिली. जमलं तर पुढेही आमच्याकडे, नाही जमलं तर साहेबांच्या नमुन्याच्या शेतीला. साहेबांचा त्या जमिनीवर डोळा आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे.

म्हणून आजचा ठराव: आखरावरचं शेण गावाच्या मालकीचं समजून सार्वजनिक खड्ड्यात जमा करावं.

नागपूरला बी.ए. करताना मैत्रिणींना आखर काय ते समजावून सांगावं लागायचं. गावाबाहेर जिथे रोज सकाळी घरोघरची ढोरं जमतात आणि तिथून गोवारी त्यांना जंगलात चरायला नेतो, ती मोकळी जागा. तीनशे जनावरं तासभर उभी असतात. एवढं शेण, आणि आजवर ते एकटी महागू गोवाऱ्याची बायको उचलत आली! गोवऱ्या थापते आणि वारासिवनीच्या हलवायांना विकते. का, तर तशी रीत आहे. रीत कोणी घातली, हे विचारायचं नाही.

जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ते शेन महागूच्या घरचं आहे, माय."

मी म्हटलं, कोणत्या कायद्याने?

"कालेजात शेन नाही शिकवलं वाटते," एवढंच म्हणाले आणि ताक ओतून घेतलं. घरात पहिली पदवी मिळवून आणली तरी बाबांच्या लेखी मी अजून पाटी फोडणारी पोरगीच.

१५ जानेवारी

दुर्गाबाई, महागूची बायको, सकाळी दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बाई, तुमच्या कागदात माहं शेन गेलं म्हन्ते."

"तुमचं नाही दुर्गाबाई, गावाचं."

"मंग गावाची ढोरं गावच चारंल काय?"

मी शांतपणे सांगितलं, की चारण्याचं धान तुम्हाला घरटी मिळतंच.

"धान महागूच्या पायाचं. शेन माह्या हाताचं."

वाक्य ऐकायला बरं आहे, पण हक्क वाक्यांनी सिद्ध होत नाही. मी तिला मंडळाची सभासद व्हा म्हटलं. सगळ्यांसारखा गुळात वाटा मिळेल. सभा दर सोमवारी सकाळी आठला, शाळेच्या खोलीत. ती निघून गेली. येईल असं वाटत नाही. वर उचलायला गेलं तर हात मागे घेतात. याचाच मला संताप येतो.

४ फेब्रुवारी

लागवड झाली! घराघरातलं जुनं मुरलेलं खत सरीत पडलं. खड्ड्यातलं खत आषाढात बांधणीच्या, म्हणजे उसाला मातीची भर देण्याच्या वेळी लागेल. सव्वीस बायका एका रांगेत कांड्या दाबत होत्या आणि शेवंताबाईंच्या तोंडाला विश्रांती नव्हती. "डोळा वर ठेव वं, खाली गेला तं ऊस पाताळात निघंल!" आयुष्यात इतका आनंद पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

१७ मार्च

खड्डा भरत नव्हता. पंधरा दिवस मी रोज काठी घालून मोजत होते. आज सकाळी ऊन पडताच मी आणि मंडळाच्या सहा जणी आखराशेजारच्या करंजाआड जाऊन उभ्या राहिलो.

दुर्गाबाई आली. लपतछपत नाही, डोक्यावर चुंबळ, हातात टोपली, नेहमीसारखी. राजरोस! हीच तर मुजोरी. टोपली भरून वर उचलली तेव्हा मी पुढे झाले. ढोरं सोडायला आलेले बापेही थांबले होते. मी आवाज चढवला नाही. ठराव वाचून दाखवला आणि टोपली सार्वजनिक खड्ड्यात रिकामी करा म्हटलं.

ती खड्ड्यापर्यंत चालत गेली. टोपली उलटी केली. मग आत हात घालून तळाशी चिकटलेलंही पुसून काढलं आणि झटकलं.

"झालं? का नखातलं बी देऊ?"

कोणीतरी हसलं. महागू ढोरांमध्ये उभा होता. त्याने सगळं पाहिलं आणि ढोरं हाकलली.

परतताना मी म्हटलं, आज गावात पहिल्यांदा नियम सगळ्यांना सारखा लागला. शेवंताबाई मागे पडल्या. थकल्या असतील.

१९ मार्च

दोन दिवस मनातून जात नाही. मी बरोबर होते. पण ठराव वाचताना माझा आवाज कापत होता तो कशामुळे? इतक्या लोकांसमोर बोलायची सवय नाही म्हणून असेल.

३० एप्रिल

आज अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया. दरवर्षी याच दिवशी गोवारी पटेलांच्या ओसरीवर येतो, पटेल त्याच्या हाती नवी काठी आणि नारळ देतात आणि वर्षाचा करार होतो. महागू आला, वाकून नमस्कार केला, आणि काठीला हात लावला नाही.

"पटेल, अवंदा मी नाही."

"काहून रे?"

"बायकोचं मन नाही."

ओसरीवरचे सगळे हसले. एकाने विचारलं, "बायकोच्या मनानं ढोरं चारतं काय बे?"

"तीस वर्सं तिच्याच मनानं चारली," महागू म्हणाला आणि पायऱ्या उतरला. दुपारी नवरा-बायको डोक्यावर बोचकी घेऊन भरवेलीकडे निघूनही गेले. मँगनीजच्या खाणीत काम करणार म्हणे.

ही शुद्ध अडवणूक आहे. टोपलीभर शेणासाठी तीनशे मुकी जनावरं वाऱ्यावर सोडायची! पटेल म्हणाले, दुसरा गोवारी बघू. मीही तेच म्हटलं.

२ जून

दुसरा गोवारी मिळत नाही. चार गावांत निरोप गेले. सगळीकडून एकच विचारणा: "गोवारनीची टोपली उलटी केल्ती ते गाव काय?" बातमी पसरवायला या लोकांना वर्तमानपत्र लागत नाही.

घरोघर पाळी लावली आहे. पाळी म्हणजे आज कोणी येतो, उद्या कोणी येत नाही. ज्याची त्याची ढोरं गोठ्यातून परस्पर रानात जातात, परस्पर येतात. बाबांनी आमची पाळी तर घेतलीच, वर आणखी तीन घरांची घेतली. ज्या तीन घरांत बायका माझ्यावर सगळ्यात जास्त रागावल्या आहेत नेमकी तीच. विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे होते." पंचावन्न वय, गुडघा सुजलेला, आणि पाय मोकळे करताहेत! बाबांचा हट्टीपणा मला कधीच कळला नाही.

आखर ओस पडलं आहे. तिथे आता ढोरं जमतच नाहीत, तर शेण कुठलं! माझा ठराव वहीत आहे, शेण जंगलभर आहे.

२८ जून

ऊस पिवळा पडतोय. बांधणी आठवड्यावर आली आणि खड्डा निम्माही नाही. आज साहेबांची जीप आली. मागे वीस पोती. खाली न उतरताच बोलले.

"साधनाजी, पौधा भूखा है। भाषण से उसका पेट नहीं भरेगा।"

मी म्हटलं, मागच्या वर्षीचा तुमचा गूळ बघायला अजून एक ढेप शिल्लक आहे, मुंग्यांनी थोडी ठेवली आहे. साहेब हसले. हे लोक हसतात त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पोती पटेलांच्या ओसरीवर उतरवून गेले, "जब अक्ल आए तब ले लेना" म्हणून.

जीप गेल्यावर शेवंताबाई बांधावर बसल्या.

"पोरी, एक तं पोतं उचल, नाही तं दुर्गाबाईले आन. तिसरं काही असंल तं तुह्या पुस्तकात पाह्य."

"म्हणजे त्या बाईपुढे नमायचं?"

"ऊस नमला ना, तो पाह्य पयले."

९ जुलै

भरवेलीला जाऊन आलो, शेवंताबाई आणि मी. वारासिवनीहून बालाघाटची बस, तिथून दुसरी. खाणीच्या वसाहतीत सायकलींची नुसती रांग, आणि सगळ्या वाटा काळ्या. दुर्गाबाई एका ढिगाशी बसून धोंडे निवडत होती. कोपरापर्यंत हात काळे, शिसपेन्सिलीने रंगवल्यासारखे.

महागू कामावरून आला. रामराम नाही, काही नाही, पहिला प्रश्न: "प्रेमलालची कबरी व्याली काय?"

प्रेमलाल म्हणजे बाबा, कबरी आमची गाय. मी म्हटलं, हो, कालवड झाली. तो म्हणाला, "म्या म्हनलंच होतं कालवड." आणि मग उगाच दुसरीकडे बघू लागला.

मी तयार करून नेलेलं सगळं मांडलं. झालं गेलं विसरावं. दुर्गाबाईंना पूर्ण सभासद करू. सगळ्यांच्या बरोबरीने मान, बरोबरीने वाटा.

दुर्गाबाईने धोंडा हातात फिरवत विचारलं, "मिटिंग कव्हा असते?"

"सोमवारी, सकाळी आठला."

"आन् ढोरं कव्हा सुटते?"

शेवंताबाईंनी पदर तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच. वेळ बदलू, असं मी लगेच म्हटलं. शाळेची खोली तेवढ्याच वेळी मोकळी असते, हे कोणी लक्षात घेत नाही.

"मले वाटा नको," दुर्गाबाई म्हणाली. "शेन माहं आहे, एवढं म्हन. मंग पायजे तं माग. मी नाही देत म्हनीन असं नाही."

"माग ना वं," शेवंताबाई म्हणाल्या, "तोंड झिजते काय?"

मी नाही मागितलं. प्रश्न माझ्या तोंडाचा नाही, तत्त्वाचा आहे. जे सगळ्यांचं आहे ते एकीची मेहरबानी म्हणून घेतलं, तर उद्या पाण्यासाठी पटेलापुढे आणि रस्त्यासाठी साहेबापुढे हात पसरायचा. यासाठी शिकले का मी? मी तिला हे अगदी सोप्या शब्दांत समजावलं.

ती म्हणाली, "बरोबर आहे तुहं," आणि पुढचा धोंडा उचलला.

परतताना बसमध्ये शेवंताबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

पोती मात्र आम्ही उचलली नाहीत. बायकांनी घरच्या उकिरड्यातून, परसातून जे सापडलं ते ओढून बांधणी केली. त्यांचा हा निर्धार पाहून तरी कोणाला लाज वाटायला हवी होती.

२४ ऑगस्ट

काल पोळा होता. सगळे बैल सजवण्यात गुंग, पाळी कोणाचीच नाही. गाई, गोऱ्हे, कालवडी सगळं मोकाट. दुपारी ओरडा झाला तेव्हा धावलो. बोडीखालच्या वरच्या दोन एकरांत ढोरं पोटभर उभी होती. कोवळे शेंडे खाल्लेले, उरलेलं तुडवलेलं. शेवंताबाई अनवाणी चिखलात धावत होत्या, ढेकळं मारत होत्या आणि ढोरांना नावं घेऊन शिव्या देत होत्या. त्यांना सगळी नावं येतात. मला दोनच येतात.

आज मी घराघरात जाऊन सुनावलं. ज्यांची जनावरं उसात होती त्यांनी भरपाई द्यावी. माणसं ऐकून घेतात आणि गप्प बसतात. शेवटच्या घरी म्हातारा म्हणाला, "बाई, पयले तुमच्या कबरीचं सांगा." कबरीही होती उसात. तिची कालवडही.

मला आज सगळ्या गावाची चीड आली आहे. साहेबाची, पटेलांची, महागूची, पोळ्याचीसुद्धा. गप्प राहून मला हरवताहेत.

५ ऑक्टोबर

पटेल आणि साहेब जमीन बघून गेले. तीन एकर उभी आहे. ऊस बारीक पण गोड. पटेलांनी एक कांडं सोलून खाल्लं, दुसरं मागून घेतलं.

"याचा गूळ बसंल," ते म्हणाले. "पन साधना, पुढच्या लागवडीचं खत कुठं आहे? संक्रांतीले खड्डा भरून दाखव. नाही तं जमीन साहेबाले. मले बी पंचायतीले जबाब द्याचा आहे."

पुरुषांच्या शेतात कधी कोणी कांडं सोलून परीक्षा घेतली होती? मागच्या वर्षीचा पातळ गूळ ज्यांच्या सल्ल्याने झाला त्यांना कोणी मुदत घातली? आम्हालाच संक्रांत! मी हे सगळं तोंडावर बोलले. साहेब घड्याळ बघत होते.

पटेल गेल्यावर सव्वीस बायका बांधावर बसून राहिल्या. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर

आज पाडवा, गायगोधन. आखरावर शेणाचं गोधन करायचं आणि गावची सगळी ढोरं त्याच्यावरून न्यायची. ते करायचा मान गोवारणीचा. मला वाटलं यंदा होणारच नाही. पण सकाळी बघते तर दुर्गाबाई आखरावर बसून गोधन घडवते आहे. पहाटेच्या बसने आली म्हणे. शेवंताबाईंना विचारलं, बोलावलं कोणी?

"कोन बोलावते? गावासाठी थोडी आली. ढोरासाठी आली."

सहा महिन्यांत पहिल्यांदा तीनशे ढोरं एका जागी. महागूने एक हाळी दिली आणि कबरी गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली. आमची कबरी, जिला चारताना बाबांचा गुडघा फुटायची वेळ आली ती.

गोधन झालं. लोक अजून उभे होते. मी चालत गेले. रात्रभर जे वाक्य तयार केलं होतं त्यात 'सार्वजनिक हित' होतं, 'सहकार्य' होतं. तोंड उघडलं तेव्हा त्यातलं काही आलं नाही.

"खड्ड्यासाठी शेण हवं आहे."

"मंग?" दुर्गाबाईने हात पुसले नाहीत की मान वर केली नाही.

"शेण तुमचं आहे. द्याल का?"

सगळं आखर ऐकत होतं. घंटासुद्धा वाजत नव्हत्या असं मला वाटलं.

"हे मागाले तुले नऊ महिने लागले," ती म्हणाली. "मले महिना तं लागंल."

"नऊ महिने लागले म्हंजी लेकरू धडाचं निघंल वं!" शेवंताबाई ओरडल्या आणि सगळं गाव खदखदून हसलं. पटेलसुद्धा. बाबासुद्धा! आणि ती दोघं दुपारच्या बसने भरवेलीला परत.

मी तत्त्व सोडलेलं नाही. संक्रांत जवळ आली म्हणून तात्पुरती तडजोड केली आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. पण हसले का सगळे? एका माणसाने सगळ्यांसमोर मागणं ही काय गंमत आहे? सगळ्यांच्या देखत असं उभं राहावं लागणं किती भयंकर असतं, ते त्यांच्यातल्या एकालाही कळलं नसेल.

२५ नोव्हेंबर

महिना झाला, वर तीन दिवस. ते तीन दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. काल संध्याकाळी महागू आणि दुर्गाबाई आले. पटेलांनी काठी दिली. अक्ती नाही म्हणून नारळ नाही.

आज सकाळी आखर भरलं. मी सातलाच गेले. दुर्गाबाई शेण गोळा करताना बोलत नाही. कोणतं गोवरीचं, कोणतं खताचं, हे हाताने वेगळं करत जाते. पातळ, गवताळ, पायदळी गेलेलं एका बाजूला टाकते. मी विचारलं, सगळं सारखंच नाही का? तिने माझ्याकडे बघितलं ते बाबा बघतात तसं.

एकवीस टोपल्या भरल्या. पाच खड्ड्याकडे सरकवल्या, सोळा स्वतःकडे.

मी तिथेच सांगितलं, की रोज पाच पडल्या तर संक्रांतीपर्यंत खड्डा अर्धासुद्धा होणार नाही. मग बोडीखालची जमीन गेली, सव्वीस बायकांची वर्षाची मेहनत गेली.

"मंग अजून माग," ती म्हणाली.

म्हणजे रोज! रोज सकाळी येऊन, गावाच्या कामासाठी, बी.ए. झालेल्या मुलीने एका बाईपुढे उभं राहायचं आणि टोपली टोपली मागायची! उद्या पाच, परवा पाच, आणि जास्त हव्या तर पुन्हा मागायचं. हा कुठला न्याय आहे? कोणत्या पुस्तकात असा कारभार लिहिलेला आहे? मी तिला हे विचारणारच होते.

"अजून चार द्या," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला आणि चार दिल्या. उचलायला त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. बाकीच्या बायका नऊला येतात. दुर्गाबाईने स्वतःची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली, त्यावर टोपली चढवली आणि मागून हलकेच ढकललं. खड्ड्यापर्यंत शंभर पावलंसुद्धा नसतील. दहा पावलांत मान आखडली, वीस पावलांत शेणाचं पाणी कानामागून गळ्यात उतरलं.

"सरळ चाल वं," ती मागून म्हणाली. "सांडून राह्यलं."